पिंजरा आधी, पाखरू मागाहून

वाचकाचं पत्र, थोडक्यात: नागपूरच्या मनीषनगर भागात राहणाऱ्या एका ताईंनी लिहिलं आहे. घरात चौघं. यजमान बुटीबोरीला कारखान्यात, त्या स्वतः बँकेत. दोघंही सकाळी नऊला निघतात ते संध्याकाळी सहा-साडेसहाला परततात. मुलगा पाचवीत आहे आणि वार्षिक परीक्षेनंतर पोपट आणून द्यायचं त्याला कबूल केलंय. सासूबाईंची हौस त्याहून मोठी. महाल भागातल्या त्यांच्या माहेरच्या वाड्यात राघू होता, तो ‘विठ्ठल विठ्ठल’ म्हणायचा, म्हणून याही घरात हिरवा राघूच हवा असं त्यांचं म्हणणं. ओळखीतला एक माणूस एप्रिलमध्ये पिल्लू आणून देतो म्हणालाय. ताईंनी दुकानात एक सोनेरी रंगाचा गोल पिंजरा हेरून ठेवलाय आणि सगळ्यासाठी मिळून पाच हजार रुपये बाजूला काढलेत. त्या विचारतात: पिंजऱ्याशिवाय आणखी काय काय घ्यावं लागेल? एकच पोपट आणावा की जोडी? आणि पोपट तर घरोघरी पाळतात, मग त्याला खरंच कायदा आड येतो का?

ताई,

पाखरू घरात आणायच्या आधी तुम्ही यादी विचारलीत, याचं मला फार बरं वाटलं. पुष्कळ घरांत हे उलटं होतं. पाखरू बुटाच्या खोक्यात घरी येतं आणि पिंजऱ्याची शोधाशोध त्या रात्री सुरू होते. यादी मी देणारच आहे. पण पाखरू कुठलं आणि दिवसभर त्याच्याजवळ कोण, हे ठरल्याशिवाय ती करता येत नाही. म्हणून तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेते.

हो, कायदा आड येतो. आपला हिरवा राघू आणि खांद्यावर लाल पट्टा असलेला मोठा पहाडी पोपट, हे दोघंही 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात. 2022 साली कायद्यात दुरुस्ती झाली आणि राघू आता दुसऱ्या अनुसूचीत, म्हणजे संरक्षित प्राण्यांच्या यादीत आहे. त्याला पकडणं, विकणं, विकत घेणं, पिंजऱ्यात ठेवणं, सगळंच गुन्हा आहे. घरोघरी दिसतो हे खरं आहे, पण त्यामुळे तो कायदेशीर होत नाही.

आणि कायदा नसता तरीही मी नकोच म्हटलं असतं. ते पिल्लू एप्रिलमध्येच का मिळतं याचा विचार करा. उन्हाळ्याच्या तोंडाला राघूची पिल्लं झाडांच्या ढोलीत असतात. कोणीतरी चढतो, ढोलीत हात घालतो, डोळेही नीट न उघडलेली पिल्लं काढतो. पोत्यात, टोपलीत, उन्हातान्हात त्यांचा प्रवास होतो आणि त्यातली बरीचशी बाजारापर्यंत पोचतच नाहीत. जे पोचतं ते तुमच्या मुलाच्या हातात येणार. त्या माणसाला फोन करून स्पष्ट नाही म्हणून टाका, म्हणजे तो तुमच्या नावानं ढोलीकडे जाणार नाही.

हे वाचणाऱ्या कोणाच्या घरी आधीपासूनच राघू असेल, तर घाबरून त्याला गच्चीवरून उडवून देऊ नका. पिंजऱ्यात वाढलेल्या पाखराला खाणं शोधता येत नाही, कावळे आणि मांजरी त्याला तासाभरात गाठतात. वनविभागाच्या 1926 या हेल्पलाइनवर फोन करा किंवा सेमिनरी हिल्सवरच्या ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटरला विचारा. वन्य पक्षी-प्राण्यांवर उपचार करून त्यांना पुन्हा निसर्गात सोडण्याचं काम तिथे चालतं.

मग घरात आणता येईल असं काय आहे? तुमच्यासारख्या पहिल्यांदाच पाळणाऱ्या घरासाठी दोनच नावं मी घेईन: कॉकाटील आणि बजरीगार. दोघंही मूळचे ऑस्ट्रेलियातले, पोपटांच्याच गटातले, आणि पिढ्यान्‌पिढ्या माणसांकडे वाढलेले. आपल्याकडे दुकानात बजरीगारलाच सर्रास लव्हबर्ड म्हणतात, तेव्हा नावावर न जाता पक्षी बघून विचारा. सन कोन्यूर, आफ्रिकन ग्रे असे रंगीत, महागडे पोपटही तुम्हाला दाखवतील. त्यांची केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंद करणं 2024 च्या नियमांप्रमाणे बंधनकारक आहे, शिवाय त्यांची देखभालही अवघड. पहिल्या पाखरासाठी त्या वाटेला जाऊ नका. कॉकाटील आणि बजरीगारला ही नोंद लागत नाही, तरी दुकानदाराकडून पावती मात्र घ्या.

आता पत्रातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटलेली गोष्ट. मुलाची हौस, तुमचं बजेट, यजमानांची संमती हे सगळं तुम्ही सविस्तर लिहिलंत. सासूबाईंना गुडघेदुखीमुळे फार उठबस होत नाही हे एका ओळीत लिहून पुढे गेलात. पण सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा त्या पाखराजवळ त्याच असणार आहेत. पाखरू मुलाच्या नावानं येईल, सांभाळतील आजी. दहा वर्षांच्या मुलाकडून पाणी बदलणं, वाट्या विसळणं एवढं करून घ्या, पण त्याची जबाबदारी म्हणून पाखरू आणू नका. कॉकाटील नीट सांभाळला तर पंधरा-वीस वर्षं जगतो. तुमचा मुलगा तोवर शिकायला पुण्याला किंवा आणखी कुठे गेलेला असेल.

तेव्हा निर्णय आजींशी बसून घ्या, आणि ‘आई, तुम्ही दिवसभर घरीच तर असता’ असं गृहीत धरून नको. दुपारी पाणी बघणं, ऊन आलं तर पडदा ओढणं, अधूनमधून त्याच्याशी बोलणं हे त्यांना झेपेल का आणि आवडेल का, हे विचारा. त्यांच्या आठवणीतला राघू गजबजलेल्या वाड्यात होता. येणारा-जाणारा त्याला हाक मारायचा. तुमच्या फ्लॅटमध्ये तसं नाही, हे त्यांनाही कळतं.

त्या आनंदानं हो म्हणाल्या तर एक कॉकाटील आणा. तो माणसाला लागतो, खांद्यावर बसतो, नर असेल तर सुरेख शीळ घालतो. पण एकटा कॉकाटील दिवसभर दुर्लक्षित राहिला तर किंचाळतो, स्वतःची पिसं उपटतो. आजींना तेवढं जमणार नसेल तर दोन बजरीगार आणा. ते एकमेकांत रमतात, माणसाच्या फार मागे लागत नाहीत. तुमच्या ‘एक की जोडी’ या प्रश्नाचं माझं उत्तर हे असं आहे. जोडी आणलीत तर पिंजऱ्यात घरट्याची मडकी किंवा पेटी टांगू नका, नाहीतर अंडी सुरू होतात आणि पिल्लांचं काय करायचं हा नवाच प्रश्न उभा राहतो. घरात कोणाला दमा असेल तर कॉकाटील टाळा; त्याच्या पिसांतून पांढरी भुकटी सतत झडत असते.

बोलण्याबद्दल आजींना आधीच सांगून ठेवा. लहान वयाचा नर बजरीगार शब्द शिकू शकतो, बारीक, भरभर आवाजात. कॉकाटील शब्दांपेक्षा चाली पटकन उचलतो. दोघांच्याही माद्या बहुतेक बोलत नाहीत. ‘विठ्ठल’ ऐकू आलं तर आनंदच, पण त्या अटीवर पाखरू आणू नका.

आणि कधी आणायचं? उन्हाळ्याच्या सुटीत नको. नागपूरचा मे महिना, पारा पंचेचाळीसच्या वर, त्यात जागा बदललेलं भेदरलेलं पाखरू, हे एक कारण. दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. सुटीत मुलगा दिवसभर घरी, मामेभाऊ-आतेभाऊ आलेले, पाखराला चोवीस तास माणसांची सवय लागते. मग जूनच्या शेवटी विदर्भातल्या शाळा उघडतात आणि एका सकाळी घर रिकामं होतं. पाखराच्या दृष्टीनं त्याचा थवा अचानक नाहीसा झालेला असतो. म्हणून शाळा सुरू होऊ द्या, एक-दोन पाऊस पडू द्या, घराची घडी बसू द्या आणि जुलैमध्ये आणा. मुलगा हिरमुसेल. त्याला सुटीत पिंजरा लावायचं काम द्या.

पिंजरा आधी घरात यायला हवा. तुमच्या पाच हजारांतला मोठा वाटा त्याच्यावरच खर्च करा, कारण नंतर तो बदलणं जिवावर येतं आणि पाखराला वर्षानुवर्षं चुकीच्या पिंजऱ्यात राहावं लागतं. तो सोनेरी गोल पिंजरा नका घेऊ. गोल पिंजऱ्यात पाखराला बसायला कोपरा नसतो, वरच्या बाजूला गज जवळ येतात तिथे पाय-नखं अडकतात, आणि स्वस्त मुलाम्याचे पापुद्रे सुटतात. चौकोनी घ्या. पोपट आडवे उडतात, म्हणून उंचीपेक्षा रुंदीकडे बघा. एका कॉकाटीलसाठी किंवा दोन बजरीगारांसाठी कमीत कमी दोन फूट रुंद, दीड फूट खोल, दोन फूट उंच. याहून मोठा जमला तर उत्तमच. गजांमधलं अंतर अर्ध्या इंचाच्या आसपास हवं, बजरीगारसाठी त्याहून जास्त अजिबात नको, डोकं अडकतं. निदान दोन बाजूंचे गज आडवे असावेत, त्यांना धरून चढता येतं.

फॅब्रिकेशनवाल्याकडून पिंजरा करून घ्यायचा विचार असेल तर गॅल्व्हनाइज्ड जाळी वापरू देऊ नका. पोपट दिवसभर चोचीनं गज कुरतडतो, त्या जाळीवरचं जस्त पोटात जातं आणि विषबाधा होते. स्टेनलेस स्टील किंवा चांगलं पावडर कोटिंग, हे त्याला बजावून सांगा. वर सरकणाऱ्या दाराला छोटी कडी किंवा क्लिप लावा. कॉकाटील दार उचलायला लवकर शिकतो. खाली ओढून काढता येणारा ट्रे हवा, त्यात रोज जुना पेपर अंथरायचा. भुसा, रेती काही लागत नाही. पेपरवर विष्ठा नीट दिसते आणि तब्येत बिघडल्याचं पहिल्यांदा तिथेच कळतं.

पिंजऱ्यासोबत प्लॅस्टिकच्या दोन गुळगुळीत दांड्या मिळतात. पाय दिवसभर एकाच जाडीवर राहिले की तळव्यांना फोड येतात. त्या काढून जामाच्या (पेरूच्या) आणि कडुनिंबाच्या फांद्या लावा, बोटाएवढ्या, काही जाड, काही बारीक. औषध फवारलेल्या झाडाच्या नकोत. घासून धुवा, कडक उन्हात वाळवा. यासाठी पैसा लागत नाही आणि मुलाला एका रविवारचं काम मिळतं. खडबडीत कागद गुंडाळलेल्या दांड्या विकत घेऊ नका, त्यानं पाय सोलतात. आरसाही नको. पाखरू आरशातल्या पाखराच्या नादी लागून माणसाशी जमवून घेत नाही.

वाट्या स्टीलच्या, तीन: दाणे, पाणी, भाजी-फळ. पाण्याची वाटी दांडीच्या बरोबर खाली ठेवू नका. समुद्रफेसाचा (कटलबोनचा) एक तुकडा गजाला अडकवा, त्यातून कॅल्शियम मिळतं आणि चोच घासली जाते. खेळण्यांवर फार खर्च नको. रंग नसलेला लाकडाचा तुकडा, सुताची जाड गाठ, नारळाची करवंटी, मक्याचं वाळलेलं कणीस एवढं पुरतं. दर आठवड्याला एक काढायचं, दुसरं लावायचं. सुटे धागे दिसले की लगेच कापा, नख अडकून पाय मोडतो.

खाण्याच्या बाबतीत आजींचं निम्मं ज्ञान खरंच उपयोगाचं आहे. हिरवी मिरची, भिजवलेले हरभरे, जामाची फोड, हे सगळं चालतं. मिरचीचा तिखटपणा पक्ष्यांना जाणवतच नाही. दूध-पोळी मात्र बंद. पक्ष्यांना दूध पचत नाही. चहात बुडवलेलं बिस्कीट, शेव, चिवडा, चॉकलेट, कांदा, लसूण, ॲव्होकॅडो, सफरचंदाच्या बिया हे कधीच नको, आणि घरी येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला हे सांगावं लागेल. मुख्य दाणे म्हणजे राळे (दुकानात कांगनी म्हणून मागा), थोडी बाजरी, थोडी वरी. सूर्यफुलाच्या बिया खाऊ म्हणून चार-दोन. पाखरू त्यांच्यावर तुटून पडतं आणि लठ्ठ होतं. फक्त दाण्यांवर राहिलेल्या पोपटाला अ जीवनसत्त्व कमी पडतं, श्वासाचे आजार लागतात, म्हणून रोज सांबार (कोथिंबीर), मेथी, शेवग्याचा पाला, किसलेलं गाजर, लाल भोपळा यांतलं काहीतरी द्या. पोपटांसाठी तयार पेलेट मिळतात, ती दाण्यांत मिसळून हळूहळू वाढवली तर आणखी चांगलं. संत्र्याची फोड आवडीनं खातात, आठवड्यातून एखादी. पावसाळ्यात दाण्यांना बुरशी धरते. पंधरा दिवसांपुरतेच आणा, घट्ट डब्यात ठेवा, वास आला तर टाकून द्या. भाजी-फळ उन्हाळ्यात दोन तासांच्या वर पिंजऱ्यात ठेवू नका.

आता जागा. दुकानातली कुठलीही वस्तू घेण्याआधी घरातल्या तीन गोष्टींकडे बघा.

पहिली, छताचा पंखा. आपल्याकडे मोकळी सोडलेली पाखरं पंख्यात सापडून जितकी मरतात, तितकी मांजरांमुळेही मरत नसतील असं मला वाटतं. पिंजऱ्याचं दार उघडण्याआधी पंख्याचं बटण बंद, त्यावर चिकटपट्टी, खिडक्या बंद, काचेवर पडदा. हे मुलाकडून रोज मोठ्यानं म्हणवून घ्या. उन्हाळ्यात पंखा बंद ठेवणं अशक्य, म्हणून बाहेर सोडायची वेळ पहाटे. दुकानदार पंख कापून देऊ का विचारेल. नको म्हणा, घरात नीट उडता येणं हाच त्याचा व्यायाम.

दुसरी, हवा. पक्ष्यांची फुप्फुसं धुराच्या बाबतीत फार नाजूक असतात. नॉनस्टिक तवा रिकामा तापत राहिला तर त्याच्या लेपातून निघणारा वायू शेजारच्या खोलीतलं पाखरूही मारतो, आणि माणसांना त्याचा वासही येत नाही. पाखरू आणायचं तर लोखंडी तवा पुन्हा बाहेर काढा. उदबत्ती, धूप, कापूर, डासांची कॉइल, रूम फ्रेशनर, डांबरगोळ्या, फिनाइल या सगळ्यांपासून पिंजरा लांब हवा. तुमचं देवघर हॉलमध्ये असेल तर पिंजरा दुसऱ्या खोलीत. आजींनी पूजा बंद करावी असं मी सुचवणार नाही. पिंजरा हलवणं सोपं आहे.

तिसरी, कूलर. कूलरचा झोत थेट पिंजऱ्यावर नको, दमट गार वारा सतत अंगावर घेऊन पाखरू आजारी पडतं. त्याच खोलीत, पण झोताच्या बाजूला, एक पाठ भिंतीला टेकवून, माणसाच्या छातीच्या उंचीवर पिंजरा ठेवा. पश्चिमेकडची बाल्कनी कधीच नको. सकाळचं कोवळं ऊन जाळीच्या खिडकीतून पंधरा-वीस मिनिटं मिळावं, अर्धा पिंजरा सावलीत ठेवून. पाखरू पंख अंगापासून दूर धरून चोच उघडी टाकून धापा टाकायला लागलं तर त्याला ऊन लागलंय असं समजा: गार खोलीत न्या, साध्या पाण्याचा हलका फवारा मारा, पाय ओले करा, बर्फ नको, आणि डॉक्टरांना फोन करा. एरवीही आंघोळीसाठी एक पसरट ताटली लागते, तेवढी यादीत धरा. डिसेंबरच्या थंड रात्री तीन बाजूंनी सुती चादर पुरते. रात्री दहा-बारा तास अंधार आणि शांतता हवी, म्हणजे टीव्हीची खोली बाद. कॉकाटील अंधारात दचकून पिंजऱ्यात आपटतो, त्याच्यासाठी एक मंद दिवा असू द्या. दिवाळीत फटाक्यांच्या रात्री पिंजरा आतल्या खोलीत, आणि संक्रांतीच्या आठवड्यात खिडकी-बाल्कनीशी त्याला नेऊच नका. नायलॉन मांजा घराच्या जाळीतही अडकलेला असतो.

पाच हजारांत बसेल का? पिंजरा साधा, फांद्या घरच्या, खेळणी घरची अशी ठरवलीत तर वस्तूंचं बसवता येईल. डॉक्टरचे पैसे मात्र वेगळे काढा आणि पाखराआधी डॉक्टर शोधा. कुत्र्या-मांजरांचे सगळेच डॉक्टर पक्षी बघत नाहीत, म्हणून फोनवर आधी विचारा. सेमिनरी हिल्सला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, तिथेही चौकशी करून ठेवा. न्यायला एक छोटा वाहतुकीचा पिंजरा किंवा भोकं पाडलेलं घट्ट खोकं लागेल. आणि एक ग्रॅम दाखवणारा स्वयंपाकघरातला काटा घ्या, हा मी खेळण्यांच्याही आधी घेईन. पक्षी आजार लपवतात. पिसं फुलवून तळाशी बसलेलं पाखरू दिसतं तोवर बराच उशीर झालेला असतो. वजन मात्र आधी घसरतं. कॉकाटील साधारण ऐंशी ते शंभर ग्रॅमचा, बजरीगार तीस-चाळीस ग्रॅमचा. आठवड्यातून एकदा, सकाळी, खाण्याआधी वजन करायचं. हे काम मुलाचं. नख तुटून रक्त आलं तर दाबायला कॉर्नफ्लोअरची पुडी पिंजऱ्याजवळ असू द्या.

दुकानात पाखरू निवडताना डोळे स्वच्छ, नाकपुड्या कोरड्या, शेपटीखालची पिसं स्वच्छ आणि बसलेलं असताना शेपटी श्वासागणिक हलत नाही, एवढं बघा. ते काय खात होतं ते विचारा आणि तेच दाणे पावशेर बरोबर आणा. नवं खाणं दोन-तीन आठवड्यांत हळूहळू मिसळायचं, पहिल्याच दिवशी बदललं तर पाखरू उपाशी राहतं. पहिले तीन-चार दिवस मुलाच्या मित्रांना बोलावू नका, हात आत घालू नका. आजींनी जवळ खुर्ची टाकून पोथी वाचावी, भाजी निवडावी, बोलत राहावं; पाखरू त्यांचा आवाज ओळखायला लागेल. हात लावल्यावर साबणानं धुवायची सवय घरात सगळ्यांना लावा, पोपटांचे काही आजार माणसांनाही होतात. आणि पहिल्या आठवड्यातच एकदा डॉक्टरांना दाखवून त्या दिवशीचं वजन वहीत लिहून ठेवा, पुढच्या प्रत्येक आजारपणात ते तोच आकडा विचारतील.